गणराज सरांच्या सात स्क्रीन

गणराज पहिल्यांदा दांडेवाडीत उतरला त्या दिवशी समुद्र दोन वाव मागे सरला, वाळत घातलेले बोंबील दोरीवर आपोआप उलटे झाले आणि गावातली झाडून सगळी मांजरं हातची मासळी सोडून त्याच्याकडे बघत बसली, असं विनिता आजही शपथेवर सांगते. तिची शपथ एकवीरेची असते, त्यामुळे कोणी उलट बोलत नाही. मुरुडची एसटी वळणावर थांबली. आधी एक खोका उतरला. मग दुसरा खोका. मग टॉवेलात गुंडाळलेला मॉनिटर, दवाखान्यातून घरी आणलेल्या तान्ह्या बाळासारखा. मग मासे धरायच्या डोलीच्या जाळ्याने लाजून मान खाली घालावी एवढं वायरींचं भेंडोळं. मग हात झटकत कंडक्टर. आणि ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिल्यावर सगळ्यात शेवटी स्वतः गणराज. अंगात इस्त्रीचा आकाशी शर्ट, गळ्यात दोन वर्षांपूर्वी सुटलेल्या नोकरीचं ओळखपत्र, आणि चेहऱ्यावर असा भाव, की एवढा मोठा किनारा इतके दिवस सूचनांशिवाय चाललाच कसा.

रस्त्यात पहिली भेटली ती विनिता.

“मॅडम, संस्थेचं ऑफिस इथून कसं? स्टेप बाय स्टेप सांगा,” तो म्हणाला.

“सरळ जा,” विनिता म्हणाली. “पाय ओले झाले की समजा पुढं गेलात.”

गणराजने खिशातून डायरी काढून ते लिहून घेतलं. विनिताने आयुष्यात तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली होती, पण थट्टा लिहून घेणारा हा पहिलाच.

विनिता म्हणजे दांडेवाडी मच्छीमार संस्थेची कारकून. चौदा वर्षं ती तिथे जावक वही लिहीत होती. कुठली बोट कधी बाहेर पडली, तांडेल कोण, म्हणजे बोटीचा म्होरक्या कोण, सोबत माणसं किती, कुठल्या दिशेला गेली, परत कधी येणार, सगळं त्या वहीत. वारा फिरला की गाव आधी देवीकडे धावायचं आणि मग विनिताच्या वहीकडे. तिचा नवरा रेवसच्या धक्क्यावर लाँचची तिकिटं द्यायचा, शनिवारी घरी यायचा आणि पावसाळ्यात लाँच बंद झाली की पूर्ण घरीच असायचा. बारमाही पगार म्हणाल तर घरात तिचाच.

ती ऑफिसात पोचली तेव्हा चेअरमन हरेश्वरदादा खोक्यांभोवती फिरत होते. नव्या सुनेचा रुखवत बघणाऱ्या सासऱ्यासारखे.

“विनिता, हे गणराज सर. हे आपल्याला विझर्ड बनवून देणार.”

“काय बनवून?”

“विझर्ड. बटण दाबायचं, पुढं जायचं. परत दाबायचं, परत पुढं जायचं. तांडेल सोताच भरल सगळं. वहीची भानगडच नको.”

एवढं बोलून दादांनी विनिताच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीनेही दादांकडे पाहिलं असावं, कारण त्यांनी घसा खाकरला. “तुझं बघू की. कोजागिरीपर्यंत हे नीट चाललं, तर तुला बर्फाच्या गोदामावर टाकू. तिथं थंडावा असतोय.”

गोदामाचं काम हंगामापुरतं होतं, आणि थंडावा असा, की तिथला म्हातारा रखवालदार मे महिन्यात कानटोपी घालून जेवायचा.

विझर्ड म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही ते भाग्यवान. संगणकात नवं काही बसवायला घेतलं की एक चौकट उघडते, ‘स्वागत आहे’ म्हणते आणि एकेक प्रश्न विचारत सुटते. खाली दोन बटणं असतात, ‘मागे’ आणि ‘पुढे’. शेवटी ‘समाप्त’. ही चौकट आजवर कोणी वाचलेली नाही. लोक डोळे मिटून ‘पुढे, पुढे, पुढे’ करत जातात आणि नंतर जे काही होतं त्याला नशीब म्हणतात. गणराज हा त्या चौकटी बनवणारा माणूस. आत जी गोष्ट बसायची असते ती दुसरे हुशार लोक बनवत. गणराजने ऐरोलीच्या एका कंपनीत सहा वर्षं फक्त तिचं दार बनवलं. कोणीच न वाचणारी पानं सहा वर्षं लिहिली की माणूस दारूला तरी लागतो नाहीतर तत्त्वज्ञान तरी सांगू लागतो. गणराजला दारू सोसत नव्हती.

त्याचं तत्त्वज्ञान एका ओळीचं होतं: एका स्क्रीनवर एकच प्रश्न. लोकांना आयुष्य कठीण जातं, कारण सगळे प्रश्न एकदम समोर येतात. ते एकेक करून विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊच दिलं नाही, तर जगात कोणी चुकणार नाही. कंपनीने तो विभाग बंद केल्यावर तो तळा या आपल्या गावी आईकडे परतला आणि तत्त्वज्ञान घरातच वापरू लागला. आईच्या ओट्यावर त्याने प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद चिकटवला. ‘स्टेप चार: शिट्टी झाली का? होय असल्यास स्टेप पाचकडे जा. नाही असल्यास थांबा.’ चाळीस वर्षं कुकर लावणाऱ्या त्या माउलीने तो कागद दोन दिवस वाचला आणि तिसऱ्या दिवशी गरम कुकर धरायला घेतला.

हरेश्वरदादांना तो तळ्यातच एका लग्नात सापडला. सप्तपदी चालू असताना गणराज शेजारच्या पाहुण्याला समजावून सांगत होता, की हा आपल्या पूर्वजांचा विझर्ड आहे, सात स्टेप्सचा, फक्त त्यात ‘मागे’ बटण ठेवायला विसरले. पाहुणा म्हणजे हरेश्वरदादा. त्यांच्या स्वतःच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. हा माणूस बुद्धिमान आहे अशी त्यांची तिथल्या तिथे खात्री पटली.

तीन आठवडे गणराज संस्थेत बसून विझर्ड बनवत होता. भाषा पायथन. प्रत्येक स्क्रीन वेगळी लिहायची, सगळ्या पत्त्यांच्या कॅटासारख्या एकावर एक ठेवायच्या आणि एका वेळी वरची एकच दाखवायची. ‘पुढे’ दाबलं की खालची वर येते. गणराजच्या जगात याहून थोर गोष्ट नव्हती. प्रश्नाचं उत्तर भरेपर्यंत ‘पुढे’ बटण राखाडी राहायचं, भरलं की निळं व्हायचं. ते निळं होताना गणराज असा बघायचा, जसं पहिलं पाऊल टाकणाऱ्या पोराकडे बाप बघतो. दिवसातून शंभरदा तो ते पाऊल टाकायला लावायचा. शेवटच्या स्क्रीनवर एक हिरवी पट्टी हळूहळू सरकायची.

“एवढा वेळ काय करते ही?” विनिताने विचारलं.

“काहीच नाही. काम आधीच झालेलं असतं. पण लगेच झालं म्हटलं की लोकांचा विश्वास बसत नाही. म्हणून मी तिला मुद्दाम आठ सेकंद चालवतो.”

विनिताला त्याच्याबद्दल तेवढ्यापुरता आदर वाटला. संस्थेच्या कार्यकारिणीत वीस वर्षं हेच चाललं होतं, पण कोणी असं उघड कबूल केलं नव्हतं.

सात स्क्रीन तयार झाल्या. स्वागत, अटी, बोट, तांडेल, ठिकाण, परतीचा दिवस, समाप्त. विनिता पाचवीपाशी थांबली. निळ्या जाड अक्षरांत तिथे विचारलं होतं: ‘आपण कुठे चालला आहात?’ आणि खाली जागांची यादी.

“सर, ही पाचवी काढा.”

“का?”

“निघालेल्या माणसाला ‘कुठं’ म्हणून इचारत न्हाईत. अपशकुन असतोय. आणि तांडेल आपली मासळीची जागा सख्ख्या बायकोला सांगत न्हाय, तुमच्या टीव्हीला सांगणाराय?”

“मग तुमच्या वहीत दिशा कोण लिहितं?”

“मी.”

“कोणाला विचारून?”

“कोणालाच न्हाय.”

गणराज हसला. हे असं हसायला तो ऐरोलीत शिकला होता. त्यात दात दिसत नाहीत, पगार दिसतो. “मॅडम, याला माहिती म्हणत नाहीत, याला अंदाज म्हणतात. पाचवी स्क्रीन कंपल्सरी आहे. ती भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. तीच तर त्यातली ताकद आहे.”

 विनिताची रीत साधी होती. बोटीवर बर्फ किती चढला, पाण्याची पिंपं किती, जाळी कुठली, डाळ-तांदूळ किती दिवसांचा, एवढं खिडकीतून बघायचं. डोलीची जाळी आणि थोडा बर्फ म्हणजे किनाऱ्यालगत. पापलेटची जाळी, दुप्पट बर्फ आणि पाच पिंपं म्हणजे लांब, श्रीवर्धनच्या बाहेर खोलात. बोट दिसेनाशी झाली की मगच ती दिशेच्या रकान्यात लिहायची. विचारलंही नाही आणि सांगितलंही नाही, दोघांचाही मान राहिला. पण ही रीत गणराजला समजावण्यात तिला आता काही फायदा दिसेना. ज्याला खड्डा दाखवला आणि तो खड्ड्यालाच ताकद म्हणतो, त्याला हात किती वेळा धरायचा?

नारळी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी उद्घाटन झालं. मॉनिटरला हार घातला. सीपीयूवर नारळ फोडायचा हरेश्वरदादांचा बेत गणराजने मध्ये आडवं पडून हाणून पाडला. मान नामा तांडेलाला मिळाला. नामा चाळीस वर्षं दर्यावर होता आणि त्याने आजवर वाऱ्याशिवाय कोणाचं ऐकलं नव्हतं. मागे बाकीचे तांडेल रांगेत, आणि त्यांच्यात शकूमावशी. शकूमावशी दोन बोटींची मालकीण होती, जीभ एकच होती, पण ती दोन्ही बोटींना भारी होती.

पहिली स्क्रीन ‘स्वागत आहे’ म्हणाली. नामा म्हणाला, “बरं.” दुसऱ्या स्क्रीनवर अकरा अटी होत्या. जगातला पहिला माणूस असा भेटला, की ज्याने त्या वाचल्या. मोठ्याने, बोट लावून, सावकाश.

“‘...होणाऱ्या कोणत्याही नुकसानीस प्रणाली जबाबदार राहणार नाही,’” नामाने वाचलं आणि मान वळवली. “मास्तर, बोट अजून दोरीला हाय. तुमी आताच बुडवलीत.”

“ते असंच असतं, काका. मान्य म्हणा आणि पुढे चला.”

नामाने मान्य केलं. बोट झाली, तांडेल झाला. पाचवी स्क्रीन आली. ‘आपण कुठे चालला आहात?’

 मागच्या रांगेतल्या बारा माना एकदम लांब झाल्या, कारण नामा तांडेलाची जागा कुठली हे त्या बारा जणांना बारा वर्षं हवं होतं. नामाने स्क्रीनकडे पाहिलं, मानांकडे पाहिलं, उठला, चपला घातल्या आणि घरी गेला.

“कुठे गेले ते?” गणराजने विचारलं. रांगेतल्या दोघांनी कानांवर हात ठेवले. आज हा माणूस तोच शब्द सोडायला तयार नव्हता.

“पाय धुवायला,” विनिता म्हणाली. “निघताना कोणी तसं इचारलं की घरी परतायचं, पाय धुवायचे, गूळ-पाणी घ्यायचं, थोडं टेकायचं आणि नव्यानं निघायचं. मग दोष जातो.”

नामा पाव तासाने नव्याने निघून आला. तोपर्यंत विझर्डने कोणी नाही असं समजून पुन्हा पहिली स्क्रीन लावली होती. तीही गणराजचीच हुशारी. नामाने पुन्हा स्वागत करून घेतलं, पुन्हा अकरा अटी वाचल्या आणि पाचव्या स्क्रीनवर त्याला पुन्हा तेच विचारलं गेलं. तो पुन्हा पाय धुवायला गेला. तिसऱ्या खेपेला त्याच्या बायकोने निरोप पाठवला, की गूळ संपलाय. एवढ्यात भरतीचं पाणी उतरलं, आणि हार घातलेल्या मॉनिटरमागच्या खिडकीतून नामाची बोट चिखलात कुशीवर झोपलेली सगळ्यांनी पाहिली.

“मास्तर,” नामा म्हणाला, “चाळीस वर्सांत मला तुफानानं अडवलं न्हाय. तुमी खुर्चीवर बसून अडवलंत.”

विनिता खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. गुळाच्या निरोपापर्यंत तिने दम धरला होता. त्यापुढे कोणालाही धरता आला नसता.

तोडगा शकूमावशीने काढला. दुसऱ्या दिवशी ती नामाला बाजूला सारून पुढे आली. “व्हय बाजूला. खरं सांग म्हणून कोणी म्हटलंय का तुला? यादीतलं पयलं नाव दाब नि ऊठ.”

“पण इचारलं तर हाय ना.”

“इचारलं तर इचारलं. खोटं सांगितलं की इचारलेलं फुकट गेलं. लबाडीला अपशकुन लागत न्हाय, नायतर मासळीबाजार कवाच बंद पडला असता.”

हे शास्त्र सगळ्यांना पटलं. यादी गणराजने वर्णमालेप्रमाणे लावली होती, त्यामुळे पहिलं नाव होतं ‘अलिबागसमोर’. दोन दिवसांत सगळा गाव शिकला. स्वागत, मान्य, बोट, तांडेल, अलिबागसमोर, परत कधी, समाप्त. ‘पुढे, पुढे, पुढे.’ वाचायचं कोणी नाही. दांडेवाडी हा हा म्हणता जगाच्या बरोबरीला आली.

गणराजला कृतकृत्य वाटलं. त्याने रंगीत आलेख काढला: शंभरातले शंभर लोक शेवटच्या स्क्रीनपर्यंत पोचतात. ऐरोलीत हा आकडा एकाहत्तरच्या वर कधी गेला नव्हता. सगळेच अलिबागसमोर कसे, हा प्रश्न त्याला पडला नाही, कारण तो कुठल्याच स्क्रीनवर नव्हता. हरेश्वरदादांनी ऑफिसवर ‘डिजिटल बंदर’ अशी पाटी रंगवून घेतली. वर्तमानपत्रात फोटो आला; त्यात दादा, गणराज आणि मॉनिटर होते, विनिताची कोपरापासून खाली फक्त बांगडी होती.

गणराज आता विनिताच्या खुर्चीवर बसू लागला. विनिताला कोजागिरीआधीच सरावासाठी म्हणून बर्फाच्या गोदामात, कुठल्या बोटीने किती बर्फ नेला त्याच्या चिठ्ठ्या फाडायला पाठवलं. दुपारी तिने इकडे येऊन की-बोर्डही पुसायचा, कारण ताज्या मासळीचे हात लागून तो असा झाला होता, की एक बोका रोज येऊन ‘पुढे’चं बटण चाटायचा. गोदामात शाल गुंडाळून बसलेली विनिता दिवस मोजायची. कोजागिरीला आठ राहिले होते. शनिवारी नवरा आला की ती त्याला सांगायची, “अजून काय न्हाय झालं.” तोही म्हणायचा, “होईल काय तरी.” मग दोघं गप्प बसायची, कारण काही तरी होणं म्हणजे काय होणं, हे दर्याच्या गावात मोठ्याने बोलत नाहीत.

ते मंगळवारी दुपारी झालं. मत्स्य खात्याच्या वरच्या कचेरीतून फोन आला: रात्रीपर्यंत वादळी वारा, सगळ्या बोटी जवळच्या बंदरात घ्या, तुमच्या किती बाहेर आहेत आणि कुठल्या भागात ते ताबडतोब सांगा.

गणराज या क्षणाचीच वाट बघत असल्यासारखा उठला. एक बटण दाबलं. छपाईयंत्रातून कागद आला. हरेश्वरदादांनी तो फोनवर खणखणीत वाचला. “तेवीस बोटी. एक, जय जलदेवी, अलिबागसमोर. दोन, शकुंतला, अलिबागसमोर. तीन...” चौथ्या बोटीला त्यांचा आवाज उतरला. सातव्याला ते थांबले. “सगळ्याच अलिबागसमोर हायेत,” ते म्हणाले.

 “साहेब,” पलीकडचा माणूस म्हणाला, “मी अलिबागलाच बसलोय. खिडकीतून समुद्र दिसतो मला. एकही बोट नाही.”

दादांनी फोनवर हात ठेवला. “सर, ते ‘मागे’ बटण दाबा.”

“मागे जाऊन तेच दिसेल,” गणराज म्हणाला. “त्यांनी जे भरलं तेच.”

“मग खरं कुठं दिसंल?”

गणराजच्या आकाशी शर्टाच्या काखा गडद निळ्या झाल्या. मोबाइल लागण्याच्या पल्ल्याबाहेर गेलेल्या बोटींना कळवायचं तर ज्या भागात त्या आहेत तिथल्या संस्थेच्या वायरलेसवरून हाक मारावी लागते, आणि भाग कुठला हे त्या खोलीत कोणाला ठाऊक नव्हतं.

विनिता दारात उभी होती. हातात दोरीत ओवलेल्या बर्फाच्या चिठ्ठ्या, प्रत्येकीच्या मागे तिने सवयीने पिंपं आणि जाळीही लिहून ठेवलेली. आपण आता गप्प बसलो तर काय होईल हा विचार तिच्या मनात आला का, असं तिला नंतर अनेकांनी विचारलं. आला, ती म्हणते, पण त्याला बसायला जागाच नव्हती. त्या तेवीस बोटींवर तिचे दोन दीर होते आणि अर्धं माहेर होतं.

“दादा, मला लिहायला बसायला लागंल,” ती म्हणाली.

“सर, उठा,” हरेश्वरदादा म्हणाले.

गणराज उठला. विनिता खुर्चीवर बसली आणि चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या टेबलावर मांडल्या. “नामाकाका. दुप्पट बर्फ, पाच पिंपं पाणी, पापलेटची जाळी. श्रीवर्धनच्या बाहेर, खोलात. तिकडच्या संस्थेला लावा. शकूमावशीच्या दोन्ही बोटींनी अर्धाच बर्फ नेलाय, डोलीची जाळी. त्या कोर्लईपलीकडं न्हाय जायच्या, मोबाइल लागंल. ह्या चार बोटी एकाच दिवशी सुटल्या, सारखाच बर्फ, त्या एकमेकींवर नजर ठेवून असणार. एक सापडली की चारही सापडल्या.”

दादा फोन लावत गेले. विनिता चिठ्ठ्या उलटत गेली. तासाभरात बावीस बोटींना निरोप पोचला. तेविसावीचा तांडेल राहिला.

“ह्याची चिठ्ठीच न्हाय,” दादा म्हणाले. 

विनिताने डोळे मिटले. “ह्यानं बर्फच न्हाय नेला. नवा शर्ट घालून चढला बोटीत, मी बघितला. रेवसला फोन करा, सासुरवाडीत असंल.”

तो सासुरवाडीत होता. कालवण जेवत होता.

संध्याकाळपर्यंत दोन दिघीला, नामाची श्रीवर्धनला, सासुरवाडीची रेवसलाच, बाकीच्या मुरुडला आणि दांडेवाडीला अशा सगळ्या बोटी आत आल्या. वारा आला, चार झावळ्या आणि ‘डिजिटल बंदर’ ही पाटी घेऊन गेला. नामाने श्रीवर्धनहून फोन केला. “बाय,” तो विनिताला म्हणाला, “माझी जागा तुला ठाव होती ती होती. आता सगळ्या संस्थेत वायरलेसवरनं वरडून सांगितलीत. बारा वर्सं राखली व्हती.” आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, “बरं केलंस.”

गणराज एवढा वेळ कोपऱ्यात उभा होता. कोणी त्याला बोलत नव्हतं, आणि हे बोलण्यापेक्षा वाईट होतं. शेवटी तो टेबलापाशी आला. माफी मागेल असं विनिताला वाटलं. त्याने डायरी काढली.

“मॅडम, बर्फाच्या किती लाद्यांपासून पुढे श्रीवर्धन धरायचं?”

“कशाला?”

“पाचवी स्क्रीन बदलतो. ‘कुठे’ विचारायचंच नाही. बर्फ किती, पिंपं किती, जाळी कुठली, शर्ट नवा की जुना. तीन स्क्रीन वाढतील, पण उत्तर आपोआप येईल.” त्याचे डोळे चमकत होते. ‘पुढे’ बटण निळं होताना चमकायचे तसे.

विनिताला राग यायला हवा होता, पण इतक्या निर्मळ मूर्खपणावर रागावणं म्हणजे माडावर रागावण्यासारखं आहे. नारळ डोक्यात पडला तरी माडाच्या मनात काही नसतं.

“सर, तुमी कधी बोटीत बसलायत?”

“नाही. मला धक्क्यावर उभं राहिलं तरी मळमळतं.”

“मग राहू द्या,” ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी चहा सांगितला.

कोजागिरीला कार्यकारिणीची सभा झाली. विनिताला कारकून म्हणून कायम ठेवायचा ठराव एकमताने झाला. विझर्ड बंद करायचा ठराव मात्र बारगळला, कारण वर्तमानपत्रात फोटो येऊन गेला होता. आता तांडेल विझर्डला हात लावत नाहीत. विनिता वहीही लिहिते आणि विझर्डही भरते. पाचव्या स्क्रीनवर ती ‘अलिबागसमोर’ दाबते, कारण ते पहिलं आहे. पगार तेवढाच आहे.

गणराज खोके घेऊन तळ्याला परत गेला. तिथे त्याने तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं आहे. तो फोन आला त्या वारी, म्हणजे मंगळवारी, ते बंद असतं.